तिसरी आलेली मुलगी गीतकार कशी झाली? मिरांडा लॅम्बर्टच्या निमित्ताने एका बाबांच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक होत असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुम्ही डॅलसजवळ राहता. मुलगी 17 वर्षांची आहे, कंट्री (अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाची गाणी) गाते, आसपासच्या स्पर्धांत तिला बक्षिसं मिळाली आहेत. आता तिला टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेची ऑडिशन द्यायची आहे. तिची आवडती गायिका मिरांडा लॅम्बर्ट. तीही अशाच एका स्पर्धेत तिसरी आली आणि आज स्वतःची गाणी लिहिणारी बाई म्हणून ओळखली जाते. तेव्हा तुम्ही विचारता, आमच्या लेकीनेही त्याच दारातून जावं का, की आधी गाणी लिहायला शिकावं? आणि ते शिकवतं कोण?

मी कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये म्युझिक पब्लिशिंगच्या कामात आहे. म्हणजे लिहिलेल्या गाण्याचे (रेकॉर्डिंगचे नव्हे) हक्क सांभाळायचे, नव्या लेखकांना जुन्यांबरोबर बसवायचं, तयार गाणी गायकांपर्यंत पोचवायची. स्पर्धांमधून आलेली मुलंमुली माझ्यापर्यंत नेहमी पोचतात, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत. तेवढं गृहीत धरून वाचा.

ऑडिशनबद्दलचं उत्तर छोटं आहे: देऊ दे. शाळेचं नुकसान होत नसेल आणि करार वकिलाने वाचल्याशिवाय सही होणार नसेल, तर तोटा काही नाही. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. स्पर्धेत परीक्षा होते ती लोकांच्या ओठांवर असलेलं गाणं दीड-दोन मिनिटांत उभं करण्याची. आवाज, सूर, धीटपणा, कॅमेऱ्यासमोर न डगमगणं, हे सगळं तिथे तपासलं जातं. गाणं लिहिण्याची परीक्षा झालीच तर तोंडी लावण्यापुरती. त्यामुळे आपल्या मनात जी साखळी असते, आधी स्पर्धा, मग नाव, मग अनुभव आणि त्या अनुभवातून गाणी, ती मिरांडाच्या बाबतीत अशी घडलीच नाही. तिची साखळी जवळजवळ उलटी आहे.

तिचा जन्म 1983चा, पूर्व टेक्सासमधल्या लाँगव्ह्यूचा. वाढली लिंडेल नावाच्या छोट्या गावात. डॅलसहून गाडीने दीडेक तास, तुम्ही कदाचित तिथून गेलाही असाल. वडील रिक पूर्वी डॅलसला पोलिसात होते. पुढे ते आणि आई बेव्ह यांनी मिळून खासगी तपासाचा व्यवसाय केला. रिक हौसेने बँडमध्ये वाजवत आणि गाणीही लिहीत. सोळाव्या वर्षी मिरांडा आर्लिंग्टनला जॉनी हाय यांच्या कंट्री म्युझिक रिव्ह्यू या गाण्यांच्या कार्यक्रमात गायली. याच वयात तिला नॅशव्हिलला जाऊन रेकॉर्डिंग करायची संधी मिळाली. तिथे तिच्यापुढे जी गाणी ठेवली गेली ती पॉपच्या अंगाने जाणारी होती. ती नाराज होऊन घरी आली आणि वडिलांना म्हणाली, मला गिटार शिकवा, माझी गाणी मीच लिहिते.

माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला कलाटणीचा दिवस हा आहे. स्पर्धा अजून तीन वर्षं लांब होती. बहुतेक मुली या जागी उलट वागतात: नॅशव्हिलने दिलेलं गाणं आवडलं नाही तरी निमूटपणे गातात, कारण संधी गेली तर काय, ही भीती असते. पालकांनाही तीच असते. मिरांडाला मात्र आपल्याला काय नको हे कळलं होतं, आणि जे हवं होतं ते बाजारात मिळेना म्हणून तिने स्वतः करायला घेतलं. लिहायची गरज अशी आतून लागते. ती क्लास लावून येत नाही. ती आल्यावर क्लासचा उपयोग होतो.

2001मध्ये तिचा स्वतःच्या नावाचा एक अल्बम कुठल्याही मोठ्या कंपनीशिवाय निघाला. लाँगव्ह्यूच्या रिओ पाम आइल या जुन्या नाचगाण्याच्या हॉलमध्ये ती हाऊस बँडबरोबर, म्हणजे तिथल्या नेहमीच्या बँडबरोबर, गायची. हाऊस बँडमधून एक शिक्षण फुकट मिळतं. लोक तुम्हाला ऐकायला आलेले नसतात, ते नाचायला आणि बिअर प्यायला आलेले असतात. गाणं पडलं की परीक्षक काही बोलत नाहीत, नाचायची जमीन रिकामी होते. हे शिक्षण टीव्हीवर मिळत नाही.

आणि मग 2003. यूएसए नेटवर्क या टीव्ही वाहिनीवर 'नॅशव्हिल स्टार' या गाण्याच्या स्पर्धेचा पहिला हंगाम. या स्पर्धेचं एक वैशिष्ट्य होतं, स्पर्धकाला स्वतःचं गाणं गायची मुभा होती. बडी ज्युएल पहिला आला, जॉन आर्थर मार्टिनेझ दुसरा, 19 वर्षांची मिरांडा तिसरी. परीक्षकांमध्ये ट्रेसी गर्शन होत्या, आणि त्या सोनीच्या नॅशव्हिल शाखेत नवे कलाकार निवडण्याचं काम करत होत्या. त्यांनी तिच्यासाठी शब्द टाकला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोनीच्या एपिक या लेबलने तिच्याशी करार केला.

इथे नशीब आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. परीक्षकाच्या खुर्चीत नेमकी कंपनीत वजन असलेली बाई बसलेली असणं हे कुणाच्या हातात नसतं. पण त्या बाईला दाखवायला मिरांडाकडे लिहिलेली गाणी होती, ही गोष्ट तिच्या हातातली होती.

तिसरं येण्याचा फायदाही बघा. विजेत्याचा अल्बम लोकांच्या डोक्यातून कार्यक्रम उतरायच्या आत बाजारात यावा लागतो. बडी ज्युएलचा अल्बम त्याच वर्षीच्या जुलैत आला. तो चाळिशी ओलांडलेला, डेमो (नव्या गाण्यांची नमुना रेकॉर्डिंग्ज) गाऊन गाऊन मुरलेला गायक होता, त्याला ती घाई झेपली. एकोणीस वर्षांच्या मुलीला झेपली असती का, मला शंका आहे. मिरांडाचा 'केरोसीन' 15 मार्च 2005ला आला, म्हणजे करारानंतर साधारण दीड वर्षाने. त्यातल्या 12 गाण्यांपैकी 11 तिने एकटीने किंवा कुणाबरोबर लिहिलेली होती. नव्या, स्पर्धेतून आलेल्या मुलीसाठी हे प्रमाण फारच वेगळं होतं. एवढी गाणी दीड वर्षात शून्यातून उगवत नाहीत. वहीत साठा असावा लागतो.

अल्बम बिलबोर्ड या संगीत मासिकाच्या कंट्री यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. पण रेडिओवर तिचं पहिलं गाणं 'मी अँड चार्ली टॉकिंग' 27व्या क्रमांकापर्यंतच गेलं, आणि अल्बमचं नावाचं गाणंसुद्धा 15च्या वर सरकलं नाही. लोकांनी घेतलं, रेडिओ कुरकुरत राहिला. ते पहिलं गाणं तिने वडिलांबरोबर आणि हेदर लिटल या गीतकार मैत्रिणीबरोबर लिहिलं होतं. ही नावं लक्षात ठेवा, कारण गीतकार होणं म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा आपल्या जोडीची माणसं शोधणं असतं. स्पर्धेनेही तिला असा एक माणूस दिला: त्याच हंगामातला स्पर्धक ट्रॅव्हिस हॉवर्ड. पुढच्या अल्बममधलं 'फेमस इन अ स्मॉल टाऊन' या दोघांचं आहे. स्पर्धेतून ट्रॉफीपेक्षा असा जोडीदार घेऊन परत येणं मला जास्त कामाचं वाटतं. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा, ऑडिशनच्या रांगेत पुढे-मागे कोण उभं आहे त्यांच्याशी बोलायचं.

'केरोसीन' गाण्याची आणखी एक कथा आहे, ती मी नव्या मुलांना हमखास सांगते. गाणं लिहून झाल्यावर लक्षात आलं की त्याची चाल आणि घडण गायक-गीतकार स्टीव्ह अर्लच्या 'आय फील ऑलराइट'च्या फार जवळ जाते. तिने मुद्दाम उचललं नव्हतं. आवडतं गाणं इतकं ऐकलेलं असतं की ते हातातून आपसूक उतरतं. मग काय केलं? अर्लला सहलेखक म्हणून श्रेय दिलं. वाद नाही, लपवाछपवी नाही. सतरा-अठराव्या वर्षी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या पहिल्या गाण्यांत कुणाची ना कुणाची सावली असते आणि त्यात शरम वाटण्यासारखं काही नाही. मात्र गाणं बाहेर जायच्या आधी दोन-चार जाणत्या कानांवरून गेलंच पाहिजे. आमच्याकडे कुणी गाणं आणलं की मी आधी हेच विचारते, हे लिहिताना तू त्या महिन्यात काय ऐकत होतीस?

आता लिहिण्याच्या मूळ मुद्द्यावर येते. आपल्या भावगीताच्या परंपरेत कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गाणारा वेगळा. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची. नॅशव्हिलमध्ये शब्द आणि चाल एकाच बैठकीत, एकाच गिटारवर जन्मतात. दोन किंवा तीन जण सकाळी दहा-अकराला एका खोलीत बसतात, आधी तासभर गप्पा. घरचं काय चाललंय, कोण कुणाशी भांडलं, काल रेडिओवर काय वाईट ऐकलं. त्या गप्पांत कुणाच्या तोंडून एखादं वाक्य निघतं आणि दुसरा म्हणतो, थांब, हे लिहून ठेव. ते वाक्य म्हणजे हुक, आपल्या भाषेत मुखड्याचा खिळा. मग पहिलं कडवं सहसा पटकन होतं आणि दुसऱ्यात सगळे अडकतात, कारण सांगायचं ते पहिल्यातच सांगून झालेलं असतं. दुपारी तीन-चारपर्यंत फोनवर एक कच्चं रेकॉर्डिंग करून माणसं मुलांना शाळेतून आणायला जातात. इथला रिवाज असा की खोलीत जितके जण, तितके समान वाटे. एकाने चार ओळी दिल्या आणि दुसऱ्याने एकच शब्द, तरी वाटा सारखा. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामुळे कुणी ओळी मोजत बसत नाही आणि गाणं पुढे जातं.

स्पर्धेतून आलेली मुलगी या खोलीत आली की काय होतं? आवाज असतो, त्यामुळे साध्या ओळीलाही ती इतकी छान गाते की सगळ्यांना वाटतं, झालं की गाणं. आणि इथेच फसगत होते. स्पर्धेने तिला भावनेच्या शिखरावरून सुरुवात करायची सवय लावलेली असते: स्वप्नं, पंख, तुटलेलं हृदय. हे शब्द कुणाच्याही तोंडी बसतात, म्हणून ते कुणाचेच नसतात.

मिरांडाचं 'गनपावडर अँड लेड' याच्या उलट टोकाचं उदाहरण आहे. आईवडिलांच्या तपासाच्या कामातून नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायका-मुलांशी संबंध यायचा, आणि अशा कुटुंबांना त्यांनी घरात आसराही दिला होता. मुलीने हे लहानपणी जवळून पाहिलं होतं. गाण्यातली बाई, तुरुंगातून सुटून येणाऱ्या नवऱ्याची वाट बघत, बंदूक घेऊन दारात बसलेली, तिथून आलेली आहे. हेही तिने हेदर लिटलबरोबर लिहिलं. 2008मध्ये रेडिओच्या पहिल्या दहांत गेलेलं हे तिचं पहिलं गाणं. म्हणजे स्पर्धेनंतर पाच वर्षांनी, आणि ते गेलं ते सगळ्यात धारदार, सगळ्यात तिच्या घरचं गाणं. मधल्या काळात 'जरा मवाळ लिही, रेडिओ वाजवेल' असं सांगणारे कमी नसणार, हा धंदा मी आतून बघते म्हणून म्हणते.

आता एक गोष्ट जी ऐकून पुष्कळ मुलं हिरमुसतात. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'द हाऊस दॅट बिल्ट मी', तिने लिहिलेलं नाही. ते टॉम डग्लस आणि ॲलन शॅम्बलिन यांचं, आणि त्यांनी ते बरीच वर्षं घासूनपुसून पूर्ण केलं. ते आधी ब्लेक शेल्टन या कंट्री गायकासाठी (पुढे तिचा नवरा) आलं होतं. तिने ऐकलं, रडू आवरेना, आणि गाणं तिच्याकडे आलं. 2010मध्ये रेडिओच्या कंट्री यादीत ते तिचं पहिलं क्रमांक एकचं गाणं ठरलं, पुढच्या वर्षी त्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं. मोठी झालेली बाई जुन्या घराच्या दारात येऊन, आत एकदा फिरू द्या, एवढीच विनंती करते. पायरीवर उमटवलेले हाताचे ठसे, अंगणातल्या ओकखाली पुरलेला कुत्रा. सगळं वस्तूंमधून सांगितलंय.

मग ती गीतकार कशी, असं तुमची मुलगी विचारेल. माझं उत्तर: गीतकार म्हणून ती पिकली होती म्हणूनच तिला हे गाणं आपलं आहे हे ओळखता आलं. 2007च्या 'क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड' या अल्बममध्ये 11पैकी 8 गाणी तिची होती. उरलेली कुणाची? एक जिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचं, एक पॅटी ग्रिफिनचं, एक कार्लीन कार्टर आणि सुझॅना क्लार्क यांचं. सगळे नावाजलेले गीतकार. ही निवड पाहिली की कळतं, ती कुणाकडून शिकत होती. सगळं मीच लिहिणार हा हट्ट नवशिक्याचा असतो. मुरलेल्या माणसाला आपल्यापेक्षा सरस गाणं समोर आलं की आनंद होतो, आणि त्याच्या शेजारी आपलं ठेवायचं तर ते किती चांगलं हवं हेही कळतं.

पुढचा काळ भराभर सांगते. 2011मध्ये ॲशली मनरो आणि अँजलीना प्रेस्ली यांच्याबरोबर पिस्टल ॲनीज हा तिघींचा गट. अपघातात गेलेल्या ब्लेकच्या भावावरचं 'ओव्हर यू' तिने आणि ब्लेकने मिळून लिहिलं, गायली ती, आणि 2012चा सीएमएचा (कंट्री म्युझिक असोसिएशनचा) साँग ऑफ द इयर पुरस्कार त्याला मिळाला. हा पुरस्कार गीतकारांना दिला जातो, म्हणून तो मी मुद्दाम सांगतेय. मग त्या दोघांचा घटस्फोट झाला, आणि 2016मध्ये 24 गाण्यांचा दुहेरी अल्बम आला, त्यातली 20 तिच्या लेखणीतली. त्यात 'टिन मॅन' आहे, जॅक इनग्रम आणि जॉन रँडल यांच्याबरोबर टेक्सासच्या वाळवंटी टोकाला, मार्फा गावी लिहिलेलं. छाती पोकळ असलेल्या पत्र्याच्या माणसाला ती सांगते की हृदय मागून घेऊ नकोस, त्रास होतो. घटस्फोटाचा शब्दही नाही. 2017च्या एसीएम (ॲकॅडमी ऑफ कंट्री म्युझिक) पुरस्कार सोहळ्यात ते तिने एकटीने गिटारवर म्हटलं, आणि पुढच्या वर्षी एसीएमचा साँग ऑफ द इयर पुरस्कार त्याला मिळाला.

2021चा 'द मार्फा टेप्स' तुमच्या मुलीने ऐकलाच पाहिजे, अभ्यास म्हणून. हेच तिघं, गिटार, मोजके माइक, उघड्यावरचं रेकॉर्डिंग. वारा ऐकू येतो, मधल्या गप्पा आणि हसणं तसंच ठेवलंय. गाणी कपडे चढवण्याआधी कशी असतात हे एवढं स्वच्छ दाखवणारा अल्बम मोठ्या कलाकारांकडून क्वचित येतो. आधी त्यातलं 'टिन मॅन' ऐकायला सांगा, मग 2016चं. पहिल्यात गाणं दिसतं, दुसऱ्यात निर्मिती.

इथवरचा धागा थोडक्यात: लिहायची निकड स्पर्धेच्या आधीची, स्पर्धेने दार उघडलं आणि एक सहलेखक दिला, तिसरं आल्यामुळे वेळ मिळाला, आणि गीतकार म्हणून नाव पक्कं व्हायला त्यानंतर नऊ-दहा वर्षं लागली.

हा एकच रस्ता आहे असं मात्र नाही. गायिका केसी मस्ग्रेव्हज त्याच भागातली, गोल्डन गावची. 2007च्या 'नॅशव्हिल स्टार'मध्ये ती सातवी आली. तिला लगेच कुणी करार दिला नाही. ती नॅशव्हिलला गेली आणि पब्लिशिंग कंपनीसाठी दुसऱ्यांना गाणी लिहू लागली. मिरांडाने गायलेलं 'मामाज ब्रोकन हार्ट' केसी, ब्रँडी क्लार्क आणि शेन मॅकॅनली यांचं आहे. केसीचा स्वतःचा मोठा अल्बम 2013ला आला, स्पर्धेनंतर सहा वर्षांनी, आणि 2019मध्ये 'गोल्डन अवर'ला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. सातव्या क्रमांकाची आज कुणाला आठवण आहे? शिवाय कॅरी अंडरवुडसारखं उदाहरणही आहेच, 2005ची 'अमेरिकन आयडॉल' विजेती, जिचं पहिलं मोठं कंट्री गाणं तिघा व्यावसायिक लेखकांनी दिलं आणि जी आवाजाच्या बळावर उभी राहिली. तोही मानाचाच रस्ता आहे. मुलीचा कल नक्की कुठे आहे हे तुम्हाला मला विचारून कळणार नाही. ती एकटी असताना काय करते ते बघा. आरशासमोर गात असेल तर एक, वहीत खरडत असेल तर दुसरं.

केसीबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि "शिकवतं कोण" याचं उत्तरही त्यातच आहे. मिनिओला गावात जॉन डिफोर नावाचे गिटारशिक्षक होते. केसी त्यांच्याकडे जायची, मिरांडाही त्यांची विद्यार्थिनी. केसीला त्यांचा गृहपाठ असायचा: दर आठवड्याला एक गाणं लिहून आण. चांगलं नव्हे, पूर्ण. आपल्याला हे नवीन नसावं. गीतरामायण 1955मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं या हिशेबानेच सुरू झालं आणि 56 गाण्यांवर संपलं. गदिमांची प्रतिभा कुणाला मागून मिळणार नाही, पण आठवड्याची मुदत कुणीही स्वतःवर लादून घेऊ शकतं. तेव्हा क्लास शोधायच्या आधी हे करा. रविवारी संध्याकाळी तिने घरच्यांना एक पूर्ण गाणं ऐकवायचं. तुम्ही वाहवा करायची नाही आणि चुकाही काढायच्या नाहीत. फक्त विचारायचं, कुठली ओळ लक्षात राहिली ते सांगू का?

कशावर लिहायचं, हा तिचा खरा पेच असणार. माझ्याकडे टेक्सासमधल्या एका देशी घरातली मुलगी आली होती. तिने आणलेल्या गाण्यात पिकअप ट्रक होता, नदीकाठ होता, वडिलांची जुनी बंदूक होती. मी विचारलं, बाबांकडे बंदूक आहे? नाही. ट्रक? नाही, साधी कॅमरी गाडी. मग मी गाणं बाजूला ठेवायला लावलं आणि म्हटलं, मागच्या आठवड्यात घरात काय झालं ते सांग. ती म्हणाली, विशेष काही नाही, आई आजीशी फोनवर बोलत होती. पुढे? "बरं, ठेवते" म्हणाली, फोन बंद केला, आणि तो तसाच हातात धरून ओट्याशी उभी राहिली. भाजी लागायला आली तरी. मी म्हटलं, हे पहिलं कडवं. चार वाजेपर्यंत गाणं झालं. ठेका पक्का कंट्रीचा, तीन सूरसंगती, आणि त्यात एकही ट्रक नाही. कंट्री म्हणजे टोपी आणि बूट अशी समजूत स्पर्धांमधून पक्की होते. मिरांडाच्या गाण्यात बंदूक शोभते कारण ती तिच्या घरात होती.

पैशाचंही सांगते, कारण बाबा म्हणून तो प्रश्न मनात असणारच आणि तुम्ही तो विचारलेला नाही. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला नाही. सीडी किंवा डाउनलोड विकलं की लेखनाचा कायद्याने ठरलेला दर मिळतो. 2006पासून 2022पर्यंत तो प्रति गाणं, प्रति प्रत 9.1 सेंट होता, 2023मध्ये 12 झाला. दहा लाख प्रती 9.1ने गेल्या तर 91,000 डॉलर. तिघांनी लिहिलं असेल तर प्रत्येकी तीस हजारांच्या आसपास, आणि पब्लिशरशी निम्मे-निम्मे ठरलेलं असेल तर हातात पंधरा. गायक स्वतः लेखक असला तर पुष्कळ कंपन्या करारात या दराच्या 75 टक्केच द्यायचं कलम घालतात. आता विक्री घटली, स्ट्रीमिंगचा हिशेब वेगळा आणि बराच बारीक. म्हणजे गाणी लिहून माणूस झटपट श्रीमंत होत नाही, पण आवाज बसला, वय झालं, फॅशन बदलली तरी लिहिलेलं गाणं कमावत राहतं.

बाकी बरंच परिस्थितीवर आहे. बारावीनंतर कॉलेज की नॅशव्हिल, हे घरची ऐपत, तिचा स्वभाव आणि अभ्यासातली गोडी यांवर ठरेल, त्यावर मी दुरून मत देणार नाही. एवढं खरं की उत्तर टेक्सासमध्ये राहून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिथे लोक नव्या मुलीकडून स्वतःचं गाणं ऐकून घेतात. ओपन माइकला (जिथे कुणीही उठून गाऊ शकतं अशा कार्यक्रमाला) तिला पाठवा, शक्यतो तुम्ही मागच्या टेबलावर बसा. नॅशव्हिलला सुट्टीत आलात तर ब्लूबर्ड कॅफेत जा. 1982पासूनची छोटी जागा, नव्वदेक खुर्च्या. लेखक मधोमध गोल बसून आपापली गाणी म्हणतात आणि बोललात तर शेजारचा गप्प करतो. रेडिओवर हजारदा ऐकलेलं गाणं ज्याने लिहिलं त्याच्या फाटक्या आवाजात ऐकलं की मुलांच्या डोक्यातला स्पर्धेचा काटा आपोआप जरा सरकतो. गीतकारांची नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल ही संस्था 1967पासून आहे, तिच्या इतर शहरांतही शाखा आहेत. तिथे गाण्यावर अभिप्रायही मिळतो.

आणि सहलेखन सुरू झालं की, समोर अगदी मैत्रीण असली तरी, त्याच दिवशी एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, लेखकांची नावं आणि वाटे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. याला इथे स्प्लिट शीट म्हणतात. सतराव्या वर्षी हे मागताना संकोच वाटतो. गाणं चाललं की तोच कागद मैत्री टिकवतो.

ऑडिशनचा करार हातात आला की बक्षिसाच्या पानाआधी पब्लिशिंगचं पान उघडा. स्पर्धकाने आधी लिहिलेल्या गाण्यांवर आयोजकांना काही हक्क जातो का, कार्यक्रम संपल्यावर किती काळ ते तिला बांधून ठेवू शकतात, आणि कार्यक्रमात गायलेल्या तिच्या स्वतःच्या गाण्याचं पुढे काय, या तीन गोष्टी वकिलाला नेमक्या विचारा. वकील मनोरंजन क्षेत्रातला हवा, घर खरेदीच्या वेळचा नको. ती अजून 18ची नाही, त्यामुळे सही तुमचीही लागेल. एखादं कलम कळलं नाही तर नावं-पत्ते खोडून तेवढाच मजकूर इथे लिहा, मी वाचून सांगेन.